गरीब हरणी

लोकांना थेट आत फिरता येईल अशा पिंजऱ्यासाठी प्राणी निवडायचे होते. माकडं ओरबाडतात, शहामृग चोच मारतं, म्हणून ती आधीच बाद झाली. संचालकसाहेबांनी एका हरणीच्या पाठीवर हात ठेवला. ती जागची हलली नाही.

“हिला घ्या. किती गरीब आहे बघा!”

“गरीब नाही साहेब, भीतीनं थिजलीय,” मी म्हणाले. “तुमचा हात लागला आणि रवंथ करायची थांबली.”

“डॉक्टरीणबाई, मुक्या जनावरांचं तुम्हाला बरं कळतं!” साहेब हसले आणि नेहमीसारखा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

माझं पुढचं वाक्य तोंडातच राहिलं.

“मग, काही हरकत नाही ना?” हात न काढता त्यांनी विचारलं.

मी जागची हलले नाही. हरणीची निवड झाली.