परस्पर दिलेली माफी

त्या मोठ्या नटाला माफी मिळाली. टीव्हीवर, प्रेक्षकांच्या टाळ्यांत. बाबांनी टीव्ही बंद केला आणि काही घडलंच नाही अशा थाटात ताईला चहा विचारला. ताई त्या नटाचे कपडे शिवायची. त्याने मेकअप-रूममध्ये केलेल्या बळजबरीची तक्रार तिचीच होती.

“बाबा, मी कधी माफ केलं त्याला?”

“तू कुठे, बाळा? परस्पर उरकलंय सगळं.”

बाबा जन्मभर कारकून. रडू आलं की अर्ज लिहितात. एक हात ताईच्या डोक्यावर ठेवून त्यांनी लिहायला घेतलं:

‘प्रति, समस्त प्रेक्षकवर्ग. सदर माफी माझ्या मुलीच्या मालकीची असून तिला न विचारता वाटण्यात आली आहे. तरी ती तात्काळ परत घेऊन मुलीच्या ताब्यात द्यावी. द्यायची की नाही, ते ती सवडीने ठरवेल. ही नम्र विनंती.’