गार व्हायला ठेवलेली गाडी

जुनी गाडी सकाळच्या गारठ्यात सुरू होत नाही, अशी तक्रार होती. ती तपासायची तर इंजिन रात्रभर गार व्हायला हवं, म्हणून मिस्त्रीने गाडी गॅरेजमध्येच ठेवून घेतली.

सकाळी बॉनेट उघडून त्याने सवयीने इंजिनवर हात ठेवला. इंजिन गरम होतं. गार इंजिन सुरू करताना ओढतात तो चोकही ओढलेला होता.

गॅरेजची दुसरी किल्ली मेव्हण्याकडे असायची.

"भावजी, शपथ, मी गाडीला हातसुद्धा लावला नाही."

"मग काय, गाडी आपली आपणच फेरफटका मारून आली?" मिस्त्री करवादला.

त्या संध्याकाळी त्याने कार्बोरेटरच काढला. त्याच्याशिवाय इंजिनला पेट्रोलचा थेंब मिळत नाही. पुसून कोरडा केला, फडक्यात गुंडाळून घरी नेला, कपाटात ठेवून कुलूप लावलं. मेव्हणा नजरेसमोर असावा म्हणून त्यालाही घरीच झोपवलं. आता बघू, कोण कुणाला बनवतंय ते!

सकाळी मेव्हणा शेजारीच घोरत होता. बायको म्हणाली, "अहो, पेट्रोलचा वास कुठून येतोय?"

मिस्त्रीने उशीखालची किल्ली काढून कपाट उघडलं. फडकं ओलंचिंब झालं होतं. त्याने ते उलगडून कार्बोरेटर उचलला, आणि चटका बसून खाली टाकला.