तापलेला पत्रा

कुंडलिकने आपल्या प्रवासी जीपला दणदणीत आवाजाचा नवा सायलेन्सर पाइप बसवला आणि पुढच्या सीटखालचा पत्रा तव्यासारखा तापायला लागला. मेकॅनिक म्हणाला, "पाइपाला गरमी अडवणारी जाड पट्टी गुंडाळ, नुसत्या कोटिंगनं भागायचं नाय." पण गुंडाळलेला पाइप घाण दिसतो म्हणून या माणसाने चकाकणारं कोटिंगच मारून घेतलं. धसईच्या बाजारातून मुरबाडला येताना भाजीवाल्या धोंडूबाईच्या तळपायाला फोड आले, तर हा म्हणतो, "म्हातारे, पाय वर घेऊन बसायचं."

आज बघतो तर पाइपाला पट्टी गुंडाळलेली. मला बरं वाटलं. म्हटलं, सुचलं एकदाचं.

"सीटखाली गाण्याचा नवा ॲम्प्लिफायर बसवलाय," कुंडलिक म्हणाला. "नाजूक वस्तू हाय, तिला गरमी सोसत नाय."