नावाड्याच्या गाण्यातला विराम

“बंद कर आधी! ओकारी येईल मला.”

मावशीने हेडफोन काढून टेबलावर आपटला. भाच्याने घाईघाईने बटण दाबलं. स्टुडिओ म्हणजे दहा बाय आठची खोली, भिंतींना काळा फोम डकवलेला, खिडकी नाही. धड रागवायलाही जागा नव्हती.

गाणं तिच्या आईचं. बोटीने या देशात येताना आईने एक पेटी आणि हे गाणं एवढंच आणलं, असं मावशी प्रत्येक कार्यक्रमात सांगायची. नदीपलीकडे सासरी निघालेल्या मुलीची ती लांबलचक गोष्ट. ‘नावाड्या, हळू ने रे’ म्हटलं की मावशी थांबायची. डोळे मिटायची. रुमाल तोंडाशी जायचा. अर्धं सभागृह मुसमुसायला लागायचं. मग संथपणे, ‘घर दिसतंय अजून.’ हा विराम म्हणजे गाण्याचा प्राण, मला झोपवताना आई इथेच गहिवरायची, असं ती तीस वर्षं शिष्यांना शिकवत आली होती. एका शिष्येने तर घड्याळ लावून तो मोजला होता. चार सेकंद.

आणि या दिवट्याने त्या चार सेकंदांत काय भरावं? खचक्. मग काहीतरी ओलं, लिबलिबीत ओढल्याचा आवाज. मग पचक्. त्यावर ड्रम बडवलेले. पोरंपोरी म्हणे यावर नाचणार होती.

“नवं काही करायला माझी ना नव्हती,” मावशी म्हणाली. “बासरी घाल, व्हायोलिन घाल. पण ही घाण? आईच्या गाण्यात कुणीतरी थुंकल्यासारखं वाटतंय.” तिने परवानगीचा कागद त्याच्याकडे ढकलला. “सही मिळणार नाही. माझा आवाज काढून टाक. आईचं नावही.”

“अगं, पण ऐक तर. तो आवाज मी...”

“शिसारी येते रे, शिसारी! कुठून उचललास हा आवाज?”

भाच्याने दुसरी फाईल लावली. आधी नुसती खरखर. मग एका बाईचा आवाज, भराभर गाणारा, कामात गुंतलेला. मावशी उठता उठता थबकली. चाळीस वर्षांनी आई गात होती.

‘नावाड्या, हळू ने रे...’ खचक्. लिबलिब. पचक्. ‘...घर दिसतंय अजून.’

“मासळीच्या कारखान्यातली कॅसेट आहे,” भाचा हळूच म्हणाला. “आजीच्या शेजारी काम करणाऱ्या बाईंच्या मुलीकडे सापडली. मी वर फक्त ड्रम घातले, मावशी. विरामातले ते आवाज आजीच्याच कॅसेटवरचे.”

मावशी पुन्हा खुर्चीत बसली. ते आवाज कसले, हे तिला सांगायची गरज नव्हती. खचक् म्हणजे माशाचं मुंडकं. मग आतडी ओढायची. पचक् म्हणजे ती बादलीत. तेवढा वेळ आई थांबायची, कारण तेव्हा दात-ओठ आवळून जोर लावावा लागायचा. शाळा सुटल्यावर मावशी तिथेच उलट्या खोक्यावर बसायची. झोपवताना आईने कधी गायलंच नव्हतं. रात्री आईच्या अंगाला येणाऱ्या वासामुळे मावशीच भिंतीकडे तोंड करून झोपायची.

कॅसेटवर पुन्हा विराम आला. खचक्. आणि त्यात एक लहान, चिरका आवाज: “ई! हात नको लावूस मला. घाण!”

आई हसली, आणि पुढे गायला लागली.

“ही कोणाची पोरगी, कळत नाही,” भाचा म्हणाला. “कापून टाकू का?”

“राहू दे तिला.” मावशीने कागद ओढला आणि सही केली. किळस अजून गेली नव्हती, फक्त ती आता स्वतःची येत होती.

गाणं चालूच होतं. ‘नावाड्या, हळू ने रे...’ सवयीने मावशीचे डोळे मिटले आणि रुमाल वर गेला. या वेळी तिला कळलं की तीस वर्षं तो डोळ्यांकडे कधी गेलाच नव्हता. तो नाकावर घट्ट दाबलेला होता.