बैठकीची किनार

डॉक्टर उंबरा ओलांडणार तोच आण्णांनी त्यांच्यापुढे हात आडवा धरला.

"माफ करा. फरशी ओली आहे. तीन दिवस पाय पडू द्यायचा नाही, गवंड्यानं बजावून सांगितलंय. पट्ट्या हलतील."

डॉक्टरांनी बैठकीत डोकावून पाहिलं. मध्ये शहाबादी फरशी, आणि चारी भिंतींच्या कडेनं रंगीत पट्ट्यांची किनार. तांबड्यावर पांढरी वेल. बैठकीच्या पलीकडे एक दार, दारातून दिसणारी खाट, खाटेवर आण्णांची बायको. त्या खोलीला दार तेवढं एकच होतं.

"मग रोग्याला तपासायचं कसं, गंगाधरपंत?"

"बोळातून. खाट खिडकीलाच लागून आहे."

आण्णांची मुलगी मालती डॉक्टरांची पेटी घेऊन पुढे झाली. गटार ओलांडून दोघं खिडकीशी गेले. डॉक्टरांनी गजांतून हात घालून आईची नाडी पाहिली, जीभ पाहिली. गजांतून जेवढं दिसलं तेवढं पाहून ते बाजूला झाले.

"पाठीला नळी लावल्याशिवाय मी काय सांगणार? छाती भरलेली वाटते. यांना आडवं ठेवू नका, टेकून बसवा. पाठ शेका. आणि जवळ माणूस हवं, सारखं."

"परवा सकाळपासून एक सोडून दोन माणसं बसवतो," आण्णा म्हणाले.

डॉक्टरांनी औषधाची बाटली मालतीच्या हातात दिली आणि ते गेले.

किनार मुंबईहून रेल्वेनं आली होती. फरशीपेक्षा किनारीलाच जास्त पैसे पडले होते, आणि हे आण्णा कुणी विचारलं नाही तरी सांगत. मालतीला पाहून तीन स्थळं गेली होती. वैरागहून आलेल्या बाईंनी सारवलेल्या जमिनीवर बसताना लुगड्याचा काठ वर उचलून धरला होता, तो आण्णांच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. आता रविवारी कुर्डुवाडीची मंडळी यायची होती. मुलगा रेल्वेत होता. गवंडी कामाला लागला तेव्हा आईला साधा ताप होता. "मी आत पडून राहते, मला कुठं जायचंय?" असं तीच म्हणाली होती.

संध्याकाळी खोकला वाढला. मालतीनं शेगडीत निखारे भरले आणि ती उंबऱ्याशी आली.

"आण्णा, मी कडेकडेनं जाते."

"कडेकडेनं? अगं, कडेलाच तर किनार आहे! अक्कल गहाण ठेवलीस का? हे सगळं कुणासाठी चाललंय? माझं लग्न व्हायचंय का?"

आतून आईचा आवाज आला. मध्येच तुटत होता.

"नको गं मालू, येऊ नकोस. किनार चांगली बसलीय. हलेल."

मालतीनं उचललेला पाय मागे घेतला. शेगडी तिनं बोळात नेऊन खिडकीखाली ठेवली. फडकं निखाऱ्यावर धरायचं आणि गजांतून आईच्या हातात द्यायचं. आईचा हात स्वतःच्या पाठीपर्यंत पोचत नव्हता. ती ते फडकं गळ्याशी धरून ठेवी.

दुसऱ्या दिवशी आण्णा गिरणीच्या कचेरीत गेले. दुपारचा भोंगा होऊन गेला तेव्हा मालती खिडकीशीच होती. आई उशीवरून खाली घसरली होती.

"मला उठवून बसव गं. श्वास पुरत नाही."

मालतीनं दोन्ही हात खांद्यापर्यंत आत घातले. आईच्या चोळीची बाही तिच्या बोटांत आली. ओढून पाहिलं, पण तेवढ्यानं माणूस उठत नाही. ती बाही सोडून पळत पुढच्या दाराशी आली.

घरात कुणी नव्हतं. अडवायला कुणी नव्हतं. आईच्या खोलीचं दार पाच पावलांवर होतं. मालती उंबऱ्यात उभी राहिली. पहिलं पाऊल कुठं टाकावं ते ती पाहू लागली. कुठंही टाकलं तरी ते वेलीवरच पडत होतं. आई खोलीत तिला ऐकू येईल असा श्वास घेत होती. आपण तिथं किती वेळ उभ्या होतो, हे मालतीला पुढं कधीच सांगता आलं नाही.

मग ती वळली, धावत पुन्हा बोळात गेली आणि तोंड गजांना लावून तिनं विचारलं, "आई, मी येऊ का?"

आईनं उत्तर दिलं नाही.

आण्णांच्या कचेरीतली माणसं आली, शेजारचे आले. बैठकीतून आत गेले, आईला उचलून बैठकीतूनच बाहेर घेऊन आले. आण्णा दारात उभे होते. त्या संध्याकाळी ते एवढंच बोलले, "मधून चला. मधून."

कुर्डुवाडीला तार गेली.

चौथ्या दिवशी गुरप्पा गवंडी फरशी घासून द्यायला भुसा घेऊन आला. दारातच त्याला कळलं. त्यानं डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं.

"लई वाईट झालं, आक्का. मला ठावंच न्हाय."

आलोच आहे तर बघून जातो म्हणाला. मग उकिडवा बसून तो किनारीची एकेक पट्टी बोटाच्या पेरानं वाजवत सरकू लागला. मालती भिंतीशी उभी राहून पाहत होती. आईच्या दारापाशी एक पट्टी हलली.

"इतकी माणसं चालली न्हवं? हलायचीच," तो म्हणाला.

त्यानं थापीच्या टोकानं पट्टी उचलली. खाली बोटभर चुना भरला. पट्टी परत ठेवली, थापीच्या मुठीनं दोनदा ठोकली आणि फडक्यानं पुसली. वेल पुन्हा वेलीला जुळली. चूल पेटायला लागतो तेवढासुद्धा वेळ लागला नाही.

"झालं?" मालतीनं विचारलं.

"झालं की."

"याचे किती द्यायचे?"

गुरप्पानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"एका पट्टीचं काय घ्यायचं, आक्का? ऱ्हाऊ द्या की."