बाजाराच्या बाजारी

"गोळी कशी देता?" डॉक्टरांनी विचारलं.

"बाजाराच्या बाजारी एक."

"बरोबर."

बरोबर म्हणाले. कासाबाईच्या जिवात जीव आला. म्हणजे तिचं काही चुकलं नव्हतं. मग हा बाकावर बसलेला माणूस असा का

पुढचं तिच्या मनातही येईना. तिथवर जाऊन ती मागं फिरायची.

बाकावर रायभान होता, तिचा नवरा. सत्तरी उलटली तरी शेळ्यांचा व्यापार करणारा, ताडकळसच्या बाजारात ज्याचा आवाज पार रस्त्यापर्यंत यायचा तो. आता तोंड अर्धवट उघडं. बाटलीतलं पाणी संपलं होतं, तरी तो बाटली तोंडाला लावतच होता.

"तहान लय लागती का?"

"घागर पुरंना, सायेब."

"उलटी?"

"काल झाली. सकाळी बी झाली."

"पोट साफ?"

"कुठलं हो."

"बोलणं? नीट बोलतात?"

कासाबाईनं पदर तोंडाशी नेला. सकाळी चहाची कपबशी हातात घेताना रायभाननं तिला विचारलं होतं, 'तू कोनाची गं?' झोपेत असतील, असं तिनं स्वतःला सांगितलं. पोराला, भागवतला, सांगितलंच नाही.

"बोलतेत की," ती म्हणाली.

डॉक्टर कपाळ चोळत राहिले. हाडं दुखतात म्हणून उन्हाळ्यात ही गोळी त्यांनीच दिली होती. मधाच्या थेंबासारखी पिवळी, गुळगुळीत. आठवड्याला एक म्हटलं की म्हातारी माणसं वार विसरतात, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून ते सगळ्यांनाच सांगत, बाजाराच्या बाजारी एक. बाजार कोणी विसरत नाही.

"मधी कधी चुकली का?"

"एक बी न्हाई!" कासाबाई सरसावली. "ताडकळसचा बाजार झाला की दुसऱ्या दिशी झरीचा. मंग पूर्णेचा. मंग सेलू. आता ह्यांच्यानं जाणं हुईना, तरी ज्या बाजाराची गोळी त्याच दिशी देयले मी. सरल्या की भागवत मेडिकलातून आणतो. लय खंगायलेत ना, म्हणून तर जपून..."

डॉक्टरांचा पेन थांबला.

"मावशी. म्हणजे रोज?"

"आमाला रोजच बाजार, सायेब."

डॉक्टर उठले तशी खुर्ची मागं पडली. बाहेर कोणाला तरी ओरडले, गाडी बोलवा, परभणीला न्यायचंय, आत्ता.

"काय झालं? सायेब? काय"

"ही गोळी अंगात साठत जाते, मावशी. जास्त झाली की उलटते. किडनीवर जाते. डोक्यावर जाते."

"पन ताकदीची हाय ना?"

"ताकदीचीच आहे."

माय, बापूला कुस्तीत उतरवायलीस का, असं भागवत म्हणाला होता. तेव्हा ती हसली होती. गोळी तळहातावर ठेवायची, वर पाण्याचा तांब्या द्यायचा. रायभान लहान लेकरासारखी जीभ काढून दाखवायचा, गिळली म्हणून. तिच्या हातानं. रोज. तिच्याच

"उतरंल का हो?"

"सलाईन लावतील. बघू."

बघू. शेळी वाचणार नसली की ढोरांचा डॉक्टर पण असंच म्हणतो, बघू.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. कासाबाई नवऱ्यापुढं वाकली, त्याच्या काखेत हात घातला. "उठा. चला. आपल्याला जायचंय."

रायभाननं तिच्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्यानं हात उचलला आणि तिची हनुवटी धरली. हात जराही थरथरत नव्हता. अंगठ्यानं तिचा खालचा ओठ खाली ओढून त्यानं तिचे दात पाहिले, जनावर घेताना पाहायचा तसे. एका बाजूचे. मग दुसऱ्या बाजूचे.

डॉक्टरांकडं वळून, दुसऱ्या गिऱ्हाइकाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं तो म्हणाला,

"वय झालंय हिचं. आपल्याला न्हाई परवडायची."

हॉर्न पुन्हा वाजला.

तो हात आपणहून सुटेपर्यंत कासाबाईनं तोंड मिटलं नाही.