कोणाचा हात?

उत्तेजकाच्या आरोपातून सकाळी एक धावपटू सुटला. बायको स्वतःच्या गुडघ्यांना मलम चोळून त्याचा हात धरायची, त्यातूनच ते औषध त्याच्या अंगात गेलं, हे समितीला पटलं.

दुपारी दुसऱ्याची पाळी आली.

"तुम्ही घेतलं नाही म्हणता, मग रक्तात आलं कुठून, हे तुम्हीच दाखवायचं," अध्यक्षबाई म्हणाल्या. "घरात कोणाला औषध चालू आहे? आई, बायको?"

"एकटाच असतो, मॅडम."

"मालिश करणारा कोणी?"

"माझे पाय मीच चोळतो."

बाईंनाच राहवेना. "अहो, नीट आठवा. या तपासणीच्या आधी तुमचा हात शेवटचा कोणी धरला होता?"

त्याने बराच वेळ आठवून पाहिलं.



"मागच्या वर्षी, रक्त काढताना. तुमच्याच माणसाने."